भैरवी रात्री दहाला का? गिरगाव, दादर आणि लालबागच्या मैफलींच्या अखेरच्या सुराचा इतिहास

१/
दादर-प्रभादेवी परिसरातले एखादे सभागृह. हिवाळी संगीत महोत्सवाचा शेवटचा दिवस, शेवटचे सत्र, रात्रीचे पावणेदहा. गायकाने मालकंस आटोपता घेतला आहे. मागे बसलेली शिष्या तानपुऱ्याची मध्यमाला लावलेली तार पुन्हा पंचमाला आणते. जाणकार श्रोत्यांना तेवढीच खूण पुरते: आता भैरवी. पाच-दहा मिनिटांत महोत्सवाची सांगता होते आणि मंडळी लोकलच्या दिशेने निघतात. यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. परंतु भैरवी हा परंपरेने सकाळचा राग आहे. मग तो रात्री दहाला कसा आला? आजचा धागा या एका प्रश्नाचा माग काढण्यासाठी.

२/
प्रथम शब्दाकडे पाहू. मराठीत 'भैरवी' हे रागाचे नाव तर आहेच, पण त्याचा अर्थ 'शेवट' असाही रूढ झाला आहे. लांबलेल्या सभेत कोणी 'आता भैरवी होऊ द्या' म्हणाले, की तेथे गाणे अपेक्षित नसते. आवरते घ्या, एवढाच त्याचा आशय असतो. रागाचे नाव समाप्तीचा समानार्थी शब्द व्हावे, असे भाग्य यमनाला किंवा बिहागाला लाभले नाही. भैरवीनंतर दुसरे काही गाऊ नये, हा संकेतही तितकाच पक्का. एखाद्या श्रोत्याने मध्येच भैरवीची फर्माईश केली, तर बाकीचे त्याच्याकडे रागाने पाहतात.

३/
येथे एक गल्लत टाळू. भैरव आणि भैरवी हे दोन वेगळे राग आहेत. भैरवात रिषभ आणि धैवत कोमल, तर गंधार व निषाद शुद्ध असतात. भैरवीत मात्र रिषभ, गंधार, धैवत, निषाद हे चारही स्वर कोमल. दोघेही सकाळचे. पहाटेचा गंभीर भैरव मैफलीच्या अखेरीस क्वचितच येतो. ते स्थान भैरवीचे.

४/
रागांच्या वेळांची परंपरा जुनी आहे. आधुनिक काळात तिला सुसंगत मांडणी देण्याचे मोठे काम केले ते मुंबईकर पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी. जन्म १८६० चा, वाळकेश्वरचा; व्यवसाय वकिलीचा. घराण्याघराण्यांतून बंदिशी गोळा करून त्यांनी राग दहा थाटांत बसवले आणि दिवसाच्या आठ प्रहरांशी रागांच्या स्वरांचे नाते जोडून दाखवले. भैरवी हा त्या दहा थाटांपैकीच एक. तिची वेळ सकाळची, हे ही पद्धती सांगते. मैफल भैरवीनेच संपवावी असा नियम मात्र या वेळांच्या हिशेबातून निघत नाही. तो संकेत ग्रंथातला नव्हे, व्यवहारातला आहे. म्हणून त्याचे उत्तरही व्यवहारात शोधले पाहिजे.

५/
तो व्यवहार म्हणजे रात्रभराची मैफल. तिचा क्रम डोळ्यांसमोर आणा. दिवेलागणीनंतर पूरिया किंवा यमन. रात्र चढली की बिहाग, बागेश्री. मध्यरात्री मालकंस, दरबारी. उत्तररात्री सोहनी, परज. झुंजूमुंजू होताना ललित, भटियार. उजाडल्यावर भैरव, रामकली, मग तोडी. आणि ऊन अंगणात आले, श्रोत्यांना घराची आठवण झाली, की भैरवी. अशा मैफलीत भैरवी शेवटी येई, कारण त्या वेळी खरोखरच सकाळ झालेली असे. आधी घड्याळ होते, संकेत त्यामागून आला. घड्याळ पुढे बदलले, संकेत मागे राहिला. या धाग्याचे सार एवढेच. आता हे मुंबईत कसे घडले ते पाहू.

६/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात गिरगाव ही हिंदुस्थानी संगीताची एक मोठी पेठ होती. वाड्या, चाळी, छोटी सभागृहे आणि शेटजींचे दिवाणखाने एकमेकांना लागून. गिरगावातील ट्रिनिटी क्लब हा कलावंतांचा आणि रसिकांचा अड्डा. लक्ष्मीबागेचे सभागृह बैठकींसाठी प्रसिद्ध. १९२५ साली बी. आर. देवधर यांनी 'स्कूल ऑफ इंडियन म्युझिक' सुरू केले आणि ऑपेरा हाऊस परिसरातली त्यांची संस्था सर्व घराण्यांच्या गवयांचे भेटीचे ठिकाण झाली. याच देवधर मास्तरांनी १९३६ साली काँग्रेस हाऊसच्या आवारातील जिना हॉलमध्ये भरवलेल्या परिषदेत अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा गायला. पुढे देवधरांकडेच शिकलेला तो मुलगा म्हणजे कुमार गंधर्व.

७/
या पेठेला श्रोता कोण? दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करणारा कारकून, शाळामास्तर, वकील, पेढीवरचा व्यापारी. त्याची मोकळी वेळ रात्रीची. त्यातून गणेशोत्सवाची भर पडली. १८९३ साली गिरगावच्या केशवजी नाईकांच्या चाळीत मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती बसला आणि हळूहळू उत्सवाचे मांडव गाण्याचेही मांडव झाले. जे गाणे पूर्वी दिवाणखान्यातल्या निमंत्रितांनाच ऐकू येई, ते आता सतरंजीवर, चाळीच्या जिन्यावर, रस्त्याच्या कडेला बसून ऐकता येऊ लागले. शास्त्रीय संगीताचा श्रोतृवर्ग मुंबईत वाढला, त्यात या मांडवांचा वाटा मोठा आहे.

८/
गाणारे कोण? १९२२ साली राजर्षी शाहू महाराजांचे निधन झाले आणि कोल्हापूर दरबारचे गायक उस्ताद अल्लादिया खाँ मुंबईस आले. १९४६ साली त्यांचा अंत झाला तोही याच शहरात. दरबाराचा आश्रय संपत असताना मुंबईची पेठ गवयांना जगवत होती, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या दोघीही गोमंतकातून आलेल्या. देवळांच्या सेवेशी बांधल्या गेलेल्या कलावंत समाजातील अनेक स्त्रियांनी गोवा सोडून मुंबई गाठली आणि शहराच्या मैफली आपल्या गळ्यावर तोलून धरल्या. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर यांना १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली; तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

९/
आता समाप्तीच्या सुरामागचा सामाजिक ताण पाहा. भैरवी मैफलीत येई ती बहुधा ठुमरी-दादऱ्याच्या रूपाने. आणि ठुमरी ही तवायफांच्या कोठ्यांशी जोडलेली. त्याच काळात संगीताला 'प्रतिष्ठित' घरांत नेण्याची चळवळ जोरात होती. १८७० साली कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने मुंबईत गायन उत्तेजक मंडळी स्थापन झाली. तरुण भातखंडे पुढे तिच्याशी जोडले गेले. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला काढलेले गांधर्व महाविद्यालय १९०८ मध्ये मुंबईत आणले. सभ्य कुटुंबांतील मुलामुलींनी उघडपणे गाणे शिकावे, हा त्यांचा ध्यास. शृंगारिक शब्दांना त्यांच्या पठडीत स्थान नव्हते; भक्तिगीत आणि रामनामाला होते.

१०/
मग मैफलीच्या अखेरीस लोकांना काय देऊन घरी धाडायचे? कोठ्याची ठुमरी, की भजन? भैरवीने हा पेच आपल्या परीने सोडवला. या रागाचा स्वभाव लवचीक. चार कोमल स्वर हा तिचा पाया असला, तरी ठुमरीच्या अंगाने गाताना कुशल गायक बाराही स्वर तिच्यात खपवून नेतो. त्यामुळे एकाच रागात ठुमरी बसते, भजन बसते, अभंग बसतो, नाट्यपदही बसते. एका गायिकेची भैरवी विरहिणीची असे, दुसऱ्या गायकाची विठ्ठलाची. ज्या स्त्रियांना नवे सभ्य सभागृह संशयाने पाहत होते, त्यांच्या गाण्याचा रंग त्या सभागृहात टिकून राहिला तो बव्हंशी या शेवटच्या पंधरा मिनिटांत. हा योगायोग विसरण्यासारखा नाही.

११/
मराठी माणसाच्या कानात भैरवी रुजली ती केवळ बैठकीतून नव्हे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. त्या नाटकांत पदांची संख्या शंभराच्या पलीकडे जाई, वर 'वन्समोअर'. प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत. पुढे भास्करबुवा बखले यांच्यासारख्या थोर गवयाने १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकाला चाली दिल्या, तेव्हा बैठकीचे राग थेट पिटातल्या प्रेक्षकाच्या ओठांवर आले. भैरवीतली नाट्यपदे लोकांनी घरी नेली. नाटक आणि मैफल, दोन्हींचा निरोप एकाच वेळी होई: उजाडताना.

१२/
आता गिरगावातून उत्तरेकडे, परळ-लालबागला चला. हे गिरणगाव. येथला दिवस भोंग्याने बांधलेला, आणि रात्रही पाळीने. तरीही येथे रात्रभराच्या कार्यक्रमांची कमतरता नव्हती. परळला सोशल सर्व्हिस लीगचा दामोदर हॉल १९२२ पासून कामगार रंगभूमीचे केंद्र झाला. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड उतरत आणि घाटावरून, कोकणातून आलेले गिरणी कामगार तेथे गर्दी करत. चाळीचाळींतून भजनी मंडळे होती. एकादशीला, हरिनाम सप्ताहाला मृदंग-टाळांचा गजर रात्रभर चाले.

१३/
आणि या भजनांची अखेरही भैरवीनेच होई. आजही होते. रूपाचे अभंग, मग गौळण, आणि सरतेशेवटी भैरवी: भजनी मंडळातल्या पोरालाही हा क्रम पाठ असतो. त्याने भातखंड्यांचा ग्रंथ पाहिलेला नसतो, थाट म्हणजे काय हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नसते. पण निरोपाचा सूर कोणता, हे तो जाणतो. गिरगावच्या दिवाणखान्यातला शेटजी आणि लालबागच्या चाळीतला साचेवाला यांची गाणी वेगळी होती, दोघांचे जगही वेगळे होते. शेवट मात्र एकच. दोघांच्याही रात्री जागून सरत, हे त्यामागचे साधे कारण असावे.

१४/
या व्यवस्थेला पहिला तडा दिला ग्रामोफोनने. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचे गाणे मुद्रित झाले आणि हिंदुस्थानी संगीत तबकडीत शिरले. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. रात्रभराचा क्रम त्यात मावणे अशक्य. त्यातही भैरवीचे भाग्य असे, की छोटी, रसाळ आणि सर्वपरिचित असल्यामुळे ती तबकडीला अगदी सोयीची ठरली. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची भैरवीतली ठुमरी घरोघरी वाजली. ती ऐकण्यासाठी रात्र जागण्याची गरज उरली नाही. दुपारी जेवल्यावर किल्ली फिरवली की भैरवी हजर. भैरवी सकाळपासून सुटी झाली ती प्रथम येथे.

१५/
दुसरे यंत्र रेडिओ. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. रेडिओने एक उलटी गोष्ट केली. त्याने रागांच्या वेळा पाळल्या. सकाळच्या सभेत सकाळचे राग, रात्रीच्या सभेत रात्रीचे. परंतु गाण्याची लांबी त्याने मिनिटांत मोजली. गवयाला प्रथमच लाल दिव्याकडे पाहून गाणे संपवावे लागले. राग वेळेवर, पण गायक घड्याळाचा बांधील. 'किती वाजता काय गायचे' या जुन्या प्रश्नाच्या जोडीला 'किती वाजेपर्यंत' हा नवा प्रश्न येऊन बसला.

१६/
तिसरा बदल विटा-सिमेंटचा. १९६० चे दशक पाहा. माटुंगा-शीव भागात षण्मुखानंद सभागृह १९६३ मध्ये, गिरगावात साहित्य संघ मंदिर १९६४ मध्ये, दादरला शिवाजी मंदिर १९६५ मध्ये उभे राहिले. शहराला चांगली नाट्यगृहे मिळाली हे खरेच. पण नाट्यगृह सत्रांनी भाड्याने जाते. सकाळ, दुपार, रात्र. एका सत्राचा पडदा पडला की दुसऱ्याची माणसे दारात. नाट्यगृहालाही पाळ्या आल्या म्हणा ना. याच सुमारास, ३१ मार्च १९६४ रोजी, १९०७ पासून धावणारी मुंबईची विजेची ट्राम बंद झाली. श्रोते गिरगाव सोडून उपनगरांत राहायला जात होते. चालत घरी जाणारा श्रोता कमी झाला. शेवटची लोकल गाठणारा वाढला. असा श्रोता ललितासाठी थांबत नाही.

१७/
समाप्तीचे संकेत सर्वत्र असतात, हेही ध्यानात घेऊ. लंडनमध्ये १८९५ साली क्वीन्स हॉलमध्ये सुरू झालेली 'प्रॉम्स' ही मैफलमाला पाहा. तिची शेवटची रात्र उत्सवाची, ठरावीक गीतांची. हेन्री वुड यांनी १९०५ साली ट्रफाल्गरच्या शताब्दीसाठी रचलेली सागरगीतांची मालिका पुढे त्या रात्रीचा अविभाज्य भाग झाली. एका प्रसंगापुरती रचलेली गोष्ट परंपरा होऊन बसली. जवळचे उदाहरण माटुंग्याचे. षण्मुखानंदात कर्नाटक संगीताची मैफल मंगलम् गाऊन संपते, बहुधा सौराष्ट्र किंवा मध्यमावती रागात. तेथे समाप्ती मंगलकामनेने होते, वेळेशी तिचा संबंध नाही. हिंदुस्थानी मैफलीने मात्र निरोपासाठी एक प्रहर निवडला. म्हणून प्रहर हरवल्याची खूण आपल्याकडेच स्पष्ट दिसते.

१८/
रात्रभराची मैफल महोत्सवांच्या रूपाने बरीच वर्षे तगली. मुंबईकर रसिक ज्यासाठी आवर्जून पुण्याला जात आले, त्या सवाई गंधर्व महोत्सवाचे उदाहरण सर्वज्ञात आहे. सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले. १९५३ पासून शिष्य भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने त्यांच्या स्मरणार्थ महोत्सव होऊ लागला. रात्री जागवणारा तो उत्सव. अनेक वर्षे समारोपाचे गायन भीमसेनजींचे असे, पुढे तो मान प्रभा अत्रे यांच्याकडे आला. आणि सर्वांत शेवटी, मंचावर कोणी गात नसताना, सवाई गंधर्वांच्या आवाजातली भैरवीची जुनी तबकडी वाजवली जाते. उत्सवाचा शेवटचा सूर ज्याच्या नावाने उत्सव, त्याचा. ज्या तबकडीने भैरवीला सकाळपासून तोडले, तीच येथे सांगतेचा विधी झाली आहे.

१९/
अखेरचा तडा कायद्याचा. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० मध्ये आले. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई झाली. बंदिस्त सभागृहांतील अंतर्गत वापर तेवढा वगळला गेला. २००२ च्या दुरुस्तीने सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. महाराष्ट्रात त्या दिवसांपैकी काही गणेशोत्सवाच्या वाट्याला येतात. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या शांततेचा आग्रह अधिक दृढ केला. मांडवातल्या आणि मैदानातल्या रात्रभराच्या मैफलीवर येथे पडदा पडला.

२०/
या कायद्याला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. गिरगाव-लालबागसारख्या दाट वस्तीत मांडवाला लागून असलेल्या खोलीत आजारी माणूस असतो, दहावीचे पोर असते, पहाटे पाळीवर जाणारी परिचारिका असते. झोप हाही हक्कच. शिवाय जुन्या मैफलीत ध्वनिक्षेपक नव्हता, हे विसरू नये. लक्ष्मीबागेतला आवाज लक्ष्मीबागेतच राही. आणि बंदिस्त सभागृहांना नियमाने मोकळीक असूनही तेथल्या मैफली दहाच्या आसपासच संपतात. याचा अर्थ असा, की कायदा येण्यापूर्वीच लोकल, भाडे आणि दुसऱ्या दिवशीची नोकरी यांनी निकाल लावला होता. कायद्याने त्यावर शिक्का मारला.

२१/
मग नेमके हरवले काय? भैरवी हरवली नाही. ती तर प्रत्येक मैफलीत आहे. हरवला तो तिच्यापर्यंतचा रस्ता. संध्याकाळी सहा ते रात्री दहा एवढ्याच पट्ट्यात गाणे होऊ लागले की तेच ते राग पुन्हा पुन्हा येतात: मारवा, पूरिया, यमन, बिहाग, बागेश्री, फार तर मालकंस. सोहनी-परजाची उत्तररात्र, ललिताची पहाट, तोडीची सकाळ, देसकार-जौनपुरीची कोवळी उन्हे, सारंगाची दुपार यांना मंच उरत नाही. जो राग श्रोत्याच्या कानावर पडत नाही, त्याची फर्माईश होत नाही. आणि ज्याची फर्माईश नाही, तो शिष्याने कशासाठी घोटावा? राग असाच हळूहळू विरळ होतो. कोणी बंदी घालत नाही. कार्यक्रमपत्रिकेत जागा नसते, इतकेच.

२२/
या उणिवेची जाणीव शहराला झाली नाही असे नाही. प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीच्या आवारात 'प्रातःस्वर' ही पहाटेच्या मैफलींची मालिका पंचम निषाद संस्थेने चालवली. सकाळचे राग सकाळी ऐकवणे हाच तिचा हेतू. त्याहून व्यापक उदाहरण 'दिवाळी पहाट'. अभ्यंगस्नान करून, नवे कपडे घालून, फराळाआधी गाणे ऐकायला जायचे, ही चाल गेल्या काही दशकांत दादर, गिरगावपासून गावोगावच्या मराठी वस्तीत पसरली. तिथले गाणे नेहमी शास्त्रीयच असते असे नाही. पण भैरवी सुरू होते तेव्हा बाहेर ऊन असते. सणाच्या निमित्ताने का होईना, राग आणि प्रहर यांची वर्षातून एकदा गाठ पडते.

२३/
आता भैरवीच्या सर्वांत दूरच्या प्रवासाची गोष्ट. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन अवकाशयाने सोडली. त्यांवर पृथ्वीची ओळख सांगणारी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तिच्यावर जगभरातल्या सत्तावीस संगीतरचना आहेत आणि त्यांत भारताची एकच: केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी, सुमारे साडेतीन मिनिटांची. संगीतशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी ती सुचवली. व्हॉयेजर-२ २० ऑगस्टला निघाले, व्हॉयेजर-१ ५ सप्टेंबरला. १६ सप्टेंबर १९७७ रोजी मुंबईत केसरबाईंचे निधन झाले. दोन्ही याने आता सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेली आहेत. तेथे सकाळही नाही आणि रात्रही नाही.

२४/
या सगळ्यातून इतिहासाच्या विद्यार्थ्याने काय घ्यावे? 'ही आपली प्राचीन परंपरा आहे' असे वाक्य ऐकले की थोडे थांबावे. रागाची वेळ जुनी असेल. पण मैफलीची सांगता भैरवीने करण्याचा आजचा रिवाज ज्या रूपात आपल्याला दिसतो, तो रात्रभराच्या बैठकी, पहाटे संपणारी नाटके, चाळींतली भजने, तबकडी आणि सभागृह यांच्या मिश्रणातून घडलेला आहे. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. रिवाजामागचे कारण नाहीसे झाले म्हणून रिवाज खोटा ठरत नाही. रात्री दहाची भैरवी ही चूक नव्हे. एके काळी येथे लोक उजाडेपर्यंत बसत असत, याची ती शिल्लक राहिलेली खूण आहे.

२५/
शेवटी एक काम तुमच्याकडे सोपवतो. घरातल्या कपाटात, जुन्या वहीत, फ्रेमच्या मागे संगीत कार्यक्रमांच्या पत्रिका, गणेशोत्सवाच्या अहवालपुस्तिका, तिकिटांचे अर्धे तुकडे सापडतात. ते रद्दीत घालू नका. त्यांवरची सुरुवातीची वेळ पाहा. 'रात्रौ ९॥' असे छापले असेल तर ती मैफल कधी संपली असेल याचा विचार करा. आजी-आजोबांना विचारा: घरी परतलात तेव्हा दूधवाला भेटला होता का? गाणे कोणाचे होते याच्या नोंदी पुष्कळ आहेत. ते किती वाजता संपले याच्या फार थोड्या. आणि भैरवीचा इतिहास तर त्या वेळेतच दडलेला आहे.

२६/
एखाद्या रविवारी पहाटे पाचला उठून याच क्रमाने ऐकून पाहा: ललित, भैरव, तोडी. खिडकीतून ऊन आत आले की केसरबाईंची ती साडेतीन मिनिटे लावा. ती शेवटी का येते, हे वेगळे सांगावे लागणार नाही. तुमच्या घरातल्या रात्र जागवलेल्या मैफलींच्या आठवणी, गाव, वाडी आणि साल यांसह खाली अवश्य लिहा. धागा येथे संपला. आमचीही भैरवी झाली.